पाच षष्ठांश मोठा की तीन चतुर्थांश?

आज पाचवीच्या वर्गात १/६ आणि १/८ यांतील मोठा अपूर्णांक कोणता असे विचारले, तेव्हा बहुतेक मुलांनी १/८ सांगितले, कारण आठ सहापेक्षा मोठे. तोवर शिकलेल्या सगळ्या संख्यांनी त्यांना तेच शिकवलेले असते. म्हणून नियम न सांगता प्रत्येकाला सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. सहा भागांसाठी पट्टी आधी तीन पदरांत दुमडावी लागते, आणि तिथे बराच वेळ गेला. परंतु भाग समान नसतील तर छेदाला अर्थच उरत नाही, हे त्या खटपटीतूनच मुलांच्या ध्यानात आले.

पुढे ३/४ आणि ५/६ यांची तुलना करताना एका मुलीने दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या आणि न रंगवलेल्या भागांवर बोट ठेवून म्हटले, "सर, इथे पाव राहिला, तिथे एक षष्ठांशच राहिला, म्हणून पाच षष्ठांश मोठा." तिरकस गुणाकाराची (एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणून तुलना करण्याची) युक्ती आपण मुलांना फार लवकर देतो, असे मला मनापासून वाटते; त्या युक्तीने उत्तर मिळते, पण असा विचार घडत नाही. त्यानंतर दिलेल्या ३/७ आणि ५/९ साठी कोणीही गुणाकार केला नाही: पहिला अर्ध्याहून कमी, दुसरा अर्ध्याहून जास्त.

उद्या ४/७ आणि ५/९ देणार आहे. दोन्ही अर्ध्याहून मोठे आणि फरक अवघा १/६३, त्यामुळे तिथे समच्छेदाची गरज मुलांना स्वतःलाच भासेल.