चोणकाच्या पिल्लांचा व्हायरस

आज दिवस सगळा लॅबमध्येच गेला. हॅचरीतून चोणकाची (खाडीतला मासा) पिल्लं आली होती, रंग काळपट पडलेला आणि टाकीत गोल गोल गिरक्या घेत पोहायची म्हणे. हे ऐकलं की नोडाव्हायरसचाच संशय येतो, कारण तो थेट मेंदू आणि डोळ्याचा पडदा धरतो. स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली तर मेंदूच्या पेशींत गोल पोकळ्याच पोकळ्या, जाळी पडलेल्या पानासारखं सगळं. बघून खरंच जीव तुटला, एवढीशी तर पिल्लं.

पण पोकळ्या दिसल्या म्हणून व्हायरसचा प्रकार कळत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीही चारही मुख्य प्रकार सारखेच, 25 ते 30 नॅनोमीटरचे गोलसर कण. फरक जीनोममध्ये. याच्या आरएनएचे दोन तुकडे असतात, त्यातल्या दुसऱ्यावर कवचाच्या प्रोटीनचा जीन, आणि त्यातला सतत बदलणारा भाग आरटी-पीसीआरने वाढवून सीक्वेन्स करायचा, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचायची, मग व्हायरसच्या वंशावळीच्या झाडात बसवून बघायचं कुठल्या फांदीवर जातो. जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, साधारण 430 बेसच्या (अक्षरांच्या) जागी पट्टा चमकला तेव्हा सगळे वाकून बघत होते.

माझा अंदाज त्या चारांतल्या रेडस्पॉटेड ग्रुपर प्रकाराचा, त्याला 25 ते 30 डिग्रीचं पाणी मानवतं आणि आपल्या गोव्यातल्या खाजनांचं (खाडीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनींचं) पाणी बहुतेक तसंच. नक्की काय ते सीक्वेन्स आल्यावरच. यावर औषध नाही आणि तो आईकडून अंड्यांतही जातो, म्हणून चोणक पाळणाऱ्यांनो, अंडी घ्यायच्या आधी नर-मादीत हा व्हायरस आहे का ते तपासून घ्याच!