वाफसा

२०२३ची आयपीएल फायनल बघायला मी सोलापूरहून अहमदाबादला गेलो होतो. सामना २८ मेचा, पण त्या दिवशी पावसानं एक चेंडू पडू दिला नाही. रात्र स्टेशनवर वर्तमानपत्र अंथरून काढली आणि २९ला पुन्हा गेटवर जाऊन उभा राहिलो.

नरेंद्र मोदी स्टेडियम म्हणजे १ लाख ३२ हजारांचं, पण नजरेच्या आड एक खांब येत नाही. दिव्यांचे मनोरेही नाहीत, छताच्या कडेनं एलईडीची गोल माळ. खेळाडूंच्या पायाशी नेहमीच्या चार सावल्या शोधल्या, त्या जवळजवळ नव्हत्याच. कितीतरी वेळ तेच बघत बसलो.

चेन्नईच्या डावाचे तीन चेंडू झाले आणि पाऊस पुन्हा कोसळला. उघडल्यावर हिरवळ लवकर निथळली. अडलं ते मुख्य खेळपट्टीच्या बाजूच्या एका पट्टीवर. माणसं गुडघ्यावर बसून स्पंजनं पाणी टिपत होती, बादलीत पिळत होती. शेजारचा मुलगा हसला, "एवढं मोठं स्टेडियम आणि स्पंज?"

मला हसू आलं नाही. सोलापूरच्या पार्क मैदानावर पोरवयात मी गोणपाटानं हेच काम केलंय. हिरवळीखाली वाळू आणि नळ्या घालता येतात, पण खेळपट्टीला चिकणमातीच लागते. तीच रोलरखाली दबून टणक होते, चेंडू उसळवते. तिथल्या ११ खेळपट्ट्यांत काही लाल मातीच्या आहेत, काही काळ्या. दोन्ही पाणी सहजासहजी सोडत नाहीत. आमचं रान मंगळवेढ्याकडं. परतीचा पाऊस पिऊन बसलेल्या काळ्या मातीच्या ओलीवरच तिथं ज्वारी थंडीभर उभी राहते. तो गुण स्टेडियममध्ये नेला म्हणून मातीतून जाईल कसा?

पार्कवरचे माळीकाका सांगायचे, "अंगठा दाबून बघ. माती बोटाला आली तर रोलर हलवायचा नाही. वाफसा येऊ दे की रं." जादा पाणी निघून माती काम करण्याजोगी होते, तो वाफसा.

खेळ सुरू झाला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. चेन्नईला १५ षटकांत १७१ हवे होते. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजानं षटकार आणि चौकार मारून चेन्नईला जिंकवलं. माझा तर आवाजच बसला.

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. छत, दिवे, जडेजा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पट्टीची माती कुठली होती, लाल का काळी?"