शंभर रुपयांची कपात

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात मान वर करायला फुरसत नसते. हळदीचा हंगाम. मी एका अडतीत दिवाणजी आहे. परवा मिरज तालुक्यातले एक आबा पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, घेऊन समोर उभे राहिले, बोट हमालीच्या आकड्यावर. "दिवाणजी, ह्यात चाळीस रुपयं जादा लागल्यात बघा." पोत्यांची यादी पुन्हा पाहिली. दोन पोती मीच दोनदा धरली होती. नवी पट्टी केली. आबांनी तीही ओळ न् ओळ वाचली आणि मगच सही केली.

दिल्लीतही याच दिवसांत देशाची पट्टी तपासायची असते. कराचा, कर्जाचा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि संसदेनं कायदा केल्याशिवाय त्यातला रुपयाही सरकारला काढता येत नाही. मंत्रालयं लोकसभेपुढं अनुदानाच्या मागण्या, म्हणजे आपल्या खर्चाला किती पैसा हवा ते, ठेवतात. त्या मंजूर करायचा हक्क लोकसभेचाच. राज्यसभा चर्चा करते, पण या मागण्यांवर मत देत नाही.

इथं साध्या खासदाराच्या हातात एक फार मोठी गोष्ट असते, कपात सूचना. धोरणच पटत नसेल तर 'ही मागणी १ रुपयावर आणा' म्हणायचं. एखादी नेमकी तक्रार असेल तर 'मागणीतून १०० रुपये कमी करा'. हजारो कोटींत शंभर रुपये म्हणजे काहीच नाही. पण ती सूचना मंजूर झाली तर सभागृहाचा विश्वास उडाला असाच अर्थ होतो आणि सरकारला जावं लागतं. बहुमतापुढं ती टिकत नाही, हे खरं. तरी तिच्या निमित्तानं मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

पण त्यासाठी चर्चा व्हायला हवी ना? ठरलेले दिवस संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. २३ मार्च २०२३ ला तर गदारोळात सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेशिवाय मंजूर झाला. १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतात, मन लावून तपासतात, पण बंद दाराआड. माझ्या जिवाला हे लागतं. आबा चाळीस रुपये सोडत नाहीत, आणि तिथं लाखो कोटी असे जातात.

आमच्या खासदारांना पत्र लिहायला घेतलंय. राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन झालं, मुख्यालय निजामाबादला गेलं. सांगलीच्या राजापुरी हळदीसाठी ते काय करणार, हे वाणिज्य मंत्रालयाच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सूचना देऊन विचारा, एवढंच त्यात आहे. सोमवारी टपालात टाकतोय.