रविवारी रात्री लोड कुठून आला?

सरकारी इमारतींचा वीज-पाण्याचा वापर बघणं हे माझं काम. महिन्याच्या बिलात एकच आकडा असतो, त्यातून काही कळत नाही म्हणून मी कायम मीटरचा दर 15 मिनिटांचा डेटा मागते. अशाच एका इमारतीचा ग्राफ उघडला आणि चक्रावलेच, रविवारी पहाटे 3 वाजता आत चिटपाखरू नसताना लोड, म्हणजे त्या क्षणी खेचली जाणारी वीज, कामाच्या दिवशीच्या जवळपास निम्मा!

मग पुढच्या रविवारी रात्रीच गेले. वॉचमनबरोबर टॉर्च घेऊन एकेक मजला फिरलो, लाइट बंद, कॉम्प्युटर बंद. तिसऱ्या मजल्यावर डक्टमधून घुंघुं आवाज. ग्रिलपाशी कागद धरला तर फडफडायला लागला. एएचयू रूम, म्हणजे एसीची गार हवा पंख्यानं डक्टमधून ढकलणाऱ्या यंत्राची खोली, उघडली, पॅनलवरचा स्विच ऑटोवर नाही, मॅन्युअलवर, वर चिकटपट्टी मारलेली आणि ती धुळीनं काळी पडलेली, म्हणजे बरेच महिने झाले असणार. टायमर ठीक होता पण मॅन्युअलवर टाकल्यावर त्याचं कोण ऐकतंय. वर बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे हवा आत घ्यायची झडप, सताड उघडा, म्हणजे रात्रभर दमट हवा आत ओढायची आणि चिलरनं, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रानं, ती गार करत बसायचं, रिकाम्या खुर्च्यांसाठी. जीव तुटला खरंच.

सकाळी ऑपरेटरना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, एकदा मीटिंगच्या वेळी हॉल गार झाला नव्हता, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तेव्हापासून रिस्क नको." मला त्यांचा राग नाही आला. हॉल गार नसेल तर लगेच फोन येतो, वीज वाया गेली तर कुणाचाच येत नाही.

स्विच ऑटोवर घेतला, टायमर ऑफिसच्या तासभर आधी लावला म्हणजे हॉल वेळेत गार होईल, आणि दिवसा एएचयूचा पंखा 50 ऐवजी 40 हर्ट्झवर, म्हणजे कमी वेगानं. वेग 20 टक्के कमी केला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वरच्या साहेबांना आधी सोलर हवं होतं. सोलर हवंच, पण पॅनल दुपारी वीज देणार आणि ही नासाडी रात्रीची, तेव्हा कुठेतरी कोळसाच जळतो.

पुढच्या सोमवारी ग्राफमधली रविवारची रेघ पार खाली बसलेली. ऑपरेटरना फोटो पाठवला. थोड्या वेळानं त्यांच्याकडून दुसऱ्या विंगच्या पॅनलचा फोटो आला, त्या स्विचवरही चिकटपट्टी, खाली लिहिलेलं, "मॅडम, इथं पण तेच आहे. काढू का?"