तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं भाषेचं कसं जमतं?

जानेवारीत सुट्टीला घरी आले की आई मला हळदीकुंकवाला बरोबर घेऊन फिरते. खानापुरात आमच्या गल्लीत असो नाहीतर बेळगावात शहापूरला मावशीकडं, हातावर तिळगूळ पडायच्या आत प्रश्न येतो, "काय गे, ऑस्ट्रेलियात नर्सिंग शिकुलालीस म्हणे, तिकडं भाषेचं कसं जमतं?" फीचं विचारणाऱ्या आहेत, लग्नाचं विचारणाऱ्या तर विचारूच नका, खरं भाषेचं सगळ्याच विचारतात. (हे 'खरं' म्हणजे आमच्याकडचं 'पण', सवय जात नाही.) आजवर मी "जमतं की" म्हणून वाण घेऊन पुढच्या घरी जायची. यंदा मावशीची शेजारीण हटूनच बसली, नीट सांग म्हणाली, तिच्या मुलीलाही पाठवायचंय. तिला सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की या प्रश्नाचं धड उत्तर मी कुणालाच दिलेलं नाही, तर आता एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते.

आधी परीक्षेचं, कारण तुम्हाला वाटतं भाषा म्हणजे तेवढंच. मी एसएसएलसीपर्यंत (म्हणजे कर्नाटकातली दहावी) मराठी मीडियम. घरात मराठी, एसटीची पाटी आणि ऑफिसातले कागद कन्नड, बाजारात तिन्हीची मिसळ, जांबोटीकडचे पाहुणे आले की कोंकणी, आणि पीयुसी (अकरावी-बारावी) सायन्सला एकदम इंग्लिश अंगावर. आयईएल्ट्स म्हणजे बाहेर जायला द्यायची इंग्लिशची परीक्षा, तिच्यात नर्सिंगला चारही भागांत ७ लागायचे, लिसनिंग रीडिंग रायटिंग स्पीकिंग, एकात अर्धा कमी पडला तरी परत सगळं. मला पहिल्या वेळी रायटिंगला ६.५ पडले. परत फी भरा, परत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बेंगळुरू, दुसऱ्या वेळी कसेबसे ७. आणि मी तिकडं जाऊन स्थिरस्थावर झाल्यावर, २०२५च्या मार्चपासून तिथल्या नर्सिंग बोर्डानं रजिस्ट्रेशनसाठी रायटिंगला ६.५ चालेल असं करून टाकलं. असो.

परीक्षेपेक्षा कागदांनी जास्त पिडलं. लोनसाठी शेताचा उतारा, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सगळं कन्नडमध्ये, त्याचं इंग्लिश करून घ्यायचं. करून आलं तर आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगनी! मराठी माणसाचं नाव कन्नडातून इंग्लिशमध्ये जाताना वाटेत काहीतरी सांडतंच. मग ही तिन्ही माणसं एकच आहेत म्हणून ॲफिडेव्हिट. आजोबा असते तर काय म्हणाले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फीचं थोडक्यात सांगते, कारण शेजारीणबाईंना तेही हवं होतं. बॅचलर ऑफ नर्सिंग तिथं ३ वर्षांचं, फी युनिव्हर्सिटीप्रमाणे वर्षाला साधारण ३५ ते ४५ हजार डॉलर, तेही तिथले डॉलर, त्याचे रुपये करा आणि बसून घ्या. मी २०२३च्या जुलैत गेले, त्याच महिन्याच्या १ तारखेपासून स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम असा नियम लागला. कोर्समध्ये कमीत कमी ८०० तास प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलात खरी ड्युटी, तिचा पैसा शून्य. २०२५च्या जुलैपासून तिथल्या मुलांना प्लेसमेंटच्या काळात सरकार आठवड्याला ३०० डॉलरच्या वर देतं, उत्पन्न वगैरे बघून. आम्हा बाहेरच्यांना नाही. म्हणजे प्लेसमेंटच्या आठवड्यात ४० तास फुकट राबायचं, शनिवार-रविवार वृद्धाश्रमात नोकरी करायची आणि त्यातून भाडं. "म्हाताऱ्यांची शी-शू काढतेस का" असं एक काका हळू आवाजात विचारून गेले. हो काका, काढते. आपल्याकडं हॉस्पिटलात ते सुनेनं नाहीतर आयानं करायचं असतं, तिथं नर्सच करते, आणि करता करता पाठीची कातडी कुठं लाल झालीय, लघवीचा रंग कसा आहे, सगळं बघून घेते. त्यालाच मार्क असतात.

आता भाषा. पहिली प्लेसमेंट वृद्धाश्रमात. सकाळी बीपी-टेम्परेचर घ्यायला एका आजोबांकडं गेले, विचारलं कसं वाटतंय, ते म्हणाले, "फीलिंग अ बिट क्रूक, लव्ह." क्रूक म्हणजे चोर, एवढं इंग्लिश मला पीयुसीपासून येतं. मी त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरकडं बघितलं, पाकीट जागेवर होतं. विचारलं, "काय चोरीला गेलं?" आजोबा हसून हसून खोकायला लागले, इतके की माझी बडी नर्स (म्हणजे जिच्या हाताखाली आम्हाला देतात ती) पळत आली. क्रूक म्हणजे तिथं बरं नसणं. "हाऊ आर यू गोइंग" असं कुणी विचारलं तर "ट्रामनं" असं सांगायचं नसतं, हेही त्याच आठवड्यात कळलं. चारही भागांत ७ घेऊन गेलेली मी.

खरं हे शब्द महिन्याभरात येतात. न येणारं वेगळंच असतं.

वर्गात पेन असेसमेंट शिकवत होते. दुखणं कसलं आहे विचारा: शार्प, डल, बर्निंग, थ्रॉबिंग. मी वहीच्या कडेला मराठीत लिहीत गेले, कळ, ठणका, चमक, सल, उसण, मुरडा, ठसठस, भगभग, तिडीक, ओढ, आणि कड संपली. ० ते १० मध्ये किती दुखतंय ते विचारा म्हणाले, तेव्हा मला आमची आज्जी दिसली. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "दुखतंय म्हंजे दुखतंय, धातलं काय नि शंभरातलं काय."

आज्जीचं सांगायलाच पाहिजे. मी पीयुसीच्या पहिल्या वर्षाला असताना पावसाळ्यात ती अंगणात शेवाळावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी तिच्याजवळ मी होते. नर्स कन्नड भागातली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. आली आणि प्रेमानंच म्हणाली, "एनागैती आज्जी? एल्लि नोवु?" आज्जीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणजे बघा, आमच्या घरात १ नोव्हेंबरला काळा दिन (बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाचा), आजोबा दरवर्षी फेरीला जायचे, कन्नड बोलायचं नाही असा काही नियम नव्हता पण घरात ते कुणी बोलायचंही नाही. आज्जीला तर येतच नव्हतं. मला शाळेत चांगले मार्क होते, सगळे लेखीचे.

आज्जी मला म्हणाली, "जीव कासावीस होऊलालाय गं, सांग तिला."

कासावीसला कन्नडमध्ये काय म्हणतात? मी दोन सेकंद शोधलं, सापडलं नाही, आणि सांगून टाकलं, "भाळ नोवु." म्हणजे खूप दुखतंय. त्यांच्या बोलण्यात भाळ म्हणजे खूप. आज्जी तोंड तसंच फिरवलेलं ठेवून ओरडली, "भाळ नव्हं गे, कपाळ कशाला सांगुलालीस, ते बरं हाय!" नर्सला काय समजलं कुणास ठाऊक, ती हसली, मी हसले, आज्जीपण हसली. नर्सनं चार्ट बघून दुखण्याचं इंजेक्शन दिलं.

आज्जीला शुगर. सकाळी इन्शुलिन घेतलेलं, आणि हॉस्पिटलचा सांबार-भात तिनं बाजूला सारलेला. संध्याकाळपर्यंत अंगाला गार घाम, हात थरथर, बोलणं तुटक. दुसऱ्या पाळीच्या नर्सनं बोटाला सुई टोचली, शुगर ५२, म्हणजे फारच खाली. लगेच ग्लुकोज लावलं, अर्ध्या तासात आज्जी चहा मागायला लागली. तर काही झालं नाही. कुणी काही चुकलंही नाही. मी 'दुखतंय' सांगितलं म्हणून दुखण्याचं औषध मिळालं, एवढंच.

हे मी घरी कधी सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितेय.

म्हणून दुसऱ्या वर्षाला आमच्या लेक्चररनं जेव्हा सांगितलं की पेशंटच्या नातेवाइकाला दुभाषी करू नका, विशेषतः घरातल्या पोराबाळांना तर नाहीच, ते लाजून गाळतात, घाबरून बदलतात, न येणाऱ्या शब्दाच्या जागी येणारा शब्द घालतात, तेव्हा मी वहीत बघत बसले. तिथं चोवीस तास फोनवर दुभाषी मिळतो, सरकारी सेवा आहे, भाषा सांगायची आणि थांबायचं.

आणि तरी. त्याच वर्षी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात प्लेसमेंट होती, तिथं एक इटालियन आज्जी (ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय). मेलबर्नमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले इटालियन आणि ग्रीक लोक पुष्कळ. कारखान्यात जन्म काढला, इंग्लिश शिकले, आणि आता डिमेन्शिया झाला की बऱ्याचदा मागून शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची राहते. ही आज्जी दुपारपासून चादर ओढत होती, कठड्यावर हात आपटत होती, हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना) सांगितलं होतं 'ॲजिटेटेड', म्हणजे बेचैन. सगळ्या नर्स कामात होत्या, मला म्हणाल्या तू बस तिच्याजवळ. मी विचारलं तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं मला ओळखीचं होतं हो.

बोलता न येणाऱ्या पेशंटसाठी तिथं ॲबी पेन स्केल म्हणून एक तक्ता वापरतात. सहा गोष्टी बघायच्या: कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, वागण्यातला बदल, नाडी-बीपी-घाम, आणि अंगाला जखम किंवा जुनं दुखणं. प्रत्येकाला ० ते ३. बेरीज ८ ते १३ आली तर मध्यम, १४ पासून वर तीव्र. माझी आली ११. बडीला बोलावलं, तिनं फोनवर दुभाषी घेतला. दुभाषी शुद्ध इटालियनमध्ये विचारतोय आणि आज्जी उत्तर देतेय त्यातलं त्याला निम्मंच कळतंय, म्हणाला ही दक्षिणेकडच्या गावची बोली बोलतेय. मला एकदम हसू आलं, कारण आमच्या आज्जीला पुण्याचा डॉक्टर भेटला असता तर हेच झालं असतं. शेवटी त्यानं हळूहळू, एकेक शब्द तोडून, "दोवे फा माले?" कुठं दुखतंय, असं परत परत विचारलं आणि मी आज्जीचा हात माझ्या हातात सैल धरून ठेवला, ती नेईल तिकडं. हात गेला ओटीपोटावर. तिथं दाबून ठेवला. बडीनं ब्लॅडर स्कॅनर आणला, जेल लावून बघितलं तर मूत्राशयात ७८० मिली. माणसाला साधारण तीनचारशेला लघवी लागते. सकाळपासून ती अडलेली आणि आम्ही सगळे लिहीत होतो ॲजिटेटेड. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर पिशवी भरायच्या आत तिला झोप लागली.

तर शेजारीणबाई, भाषेचं असं जमतं. इंग्लिशचं तर तुमची पोरगी करेल हो, ती हुशार आहे. बाकीचं बेळगावातून काय घेऊन जाते त्यावर.

आता एक राहिलंच. माझी रूममेट बैलहोंगलची. आपल्याच जिल्ह्यातली, तिचं घर माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर, खरं आम्ही भेटलो मेलबर्नमध्ये. १ नोव्हेंबरला तिच्या घरी कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा. पहिल्या वर्षी त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात जरा जपूनच बोललो, मग भाकरी थापायला तिला माझ्यापेक्षा चांगली येते हे कळल्यावर विषय मिटला. आता मी तिच्याकडून बोलायचं कन्नड शिकते.

मागच्या महिन्यात तिला आज्जीची गोष्ट सांगितली. कासावीस म्हणजे काय ते मराठीतून, इंग्लिशमधून, शेवटी छातीवर हात फिरवून करून दाखवलं. तिनं बैलहोंगलला आईला फोन लावला, स्पीकरवर. आईनं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, अगं त्यात काय, आम्ही तेच म्हणतो की. कसिविसि. जीवा कसिविसि आगाकत्तैती.

मी तिला परत म्हणायला लावलं. आज्जीचा शब्द जसाच्या तसा सांगितला असता तरी चाललं असतं.