आज दुपारी पुन्हा ‘मूनस्ट्रक’

सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं, म्हणून नॉर्मन ज्युइसनचा १९८७ चा ‘मूनस्ट्रक’ हा सिनेमा पुन्हा लावला. ब्रुकलिनमधलं इटालियन-अमेरिकन कुटुंब, विधवा लोरेटा, आणि होणाऱ्या नवऱ्याच्या धाकट्या भावावर जडलेला तिचा जीव.

त्या काळी समीक्षकांनी याचं मनापासून कौतुक केलं होतं. रॉजर ईबर्टने चार तारे दिले, पॉलीन केललाही तो भावला. ऑस्करची ६ नामांकनं, त्यातली ३ पारितोषिकं मिळाली: लोरेटा झालेली शेर, तिची आई झालेली ऑलिंपिया डुकाकिस आणि पटकथाकार जॉन पॅट्रिक शॅन्ली. लाकडी हाताच्या रॉनीला, म्हणजे त्या धाकट्या भावाला, जीव तोडून उभं करणाऱ्या निकोलस केजला मात्र साधं नामांकनही नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

यात इटालियनपणाचा साचा वापरलाय, असा आक्षेप घेता येतो. लेखक आयरिश वंशाचा, दिग्दर्शक कॅनडाचा, डुकाकिस ग्रीक आईबापांची मुलगी. तरीही मला हे घर खरं वाटतं, आणि ते स्वयंपाकघरामुळे. आई पावाला मधोमध भोक पाडते, पाव तव्यावर ठेवते, त्यात अंडं फोडते, बाजूला लाल मिरच्या परतते. लेकीशी बोलणं चालूच. नवरा बाहेर कुणाकडे तरी जातो हे तिला कळलंय, पण हात थांबत नाहीत.

आज त्या हातांकडेच बघत बसले. मग आईला फोन लावला. ती भाजी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता.