दोन गोळ्या आणि एक सिरप

माझ्या आणि बाबांच्या गोळ्या एकाच डब्यात पडलेल्या असायच्या. त्या रात्री चष्मा न लावताच मी ॲलर्जीच्या समजून बाबांच्या मधुमेहाच्या, म्हणजे ग्लिमेपिराइडच्या, दोन गोळ्या घेतल्या. रिकामी स्ट्रिप नीट पाहिली तोवर अर्धा तास उलटून गेला होता. दादा म्हणाला, "ओकून टाक, सगळं बाहेर येईल." त्याच्या औषधांच्या पेटीत इपिकॅक सिरपची जुनी बाटली होती. मीही विचार न करता घेतलं.

वीसेक मिनिटं काहीच झालं नाही. मग सुरू झालं ते थांबेचना. आधी जेवण, मग आंबट पाणी, शेवटी नुसतं हिरवट-पिवळं पित्त. दादा मोबाइलचा उजेड पाडून बादलीत गोळ्या शोधत होता. एकही दिसली नाही. दरदरून घाम, हातांना कंप, डोळे मिटायला लागले. आईने घाईघाईने साखरपाणी पाजलं, तेही दोन मिनिटांत बादलीत! साखर उतरतेय म्हणून घाम येतोय की उलट्यांमुळे, कुणालाच कळेना.

रुग्णालयात बोटाला सुई टोचली, साखर 54. लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. डॉक्टरबाईंनी गोळी कोणती, किती, कधी, सगळं विचारलं आणि मग, "उलटीसाठी काही दिलंत का?" दादा खाली बघत सिरपचं नाव पुटपुटला.

रागावल्या नाहीत, पण नंतर समजावून सांगितलं ते माझ्या चांगलंच डोक्यात बसलं. इपिकॅक एका झुडपाच्या मुळापासून करतात. त्यातलं एमेटिन आणि सेफेलिन पोटाच्या आतल्या अस्तराला चाळवतात, शिवाय मेंदूतली उलटीची यंत्रणाही जागी करतात. म्हणून पोट रिकामं झालं तरी उबळ येतच राहते. गुंगी आणि जुलाब हेही त्याचेच दुष्परिणाम. "साखर मोजायचं मीटर नसतं तर तुमची गुंगी गोळीची की सिरपची, हे मला सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. गोळी शोषून घ्यायला औषधी कोळशाची पूड (ॲक्टिव्हेटेड चारकोल) पाजता आली असती, पण उलट्या चालू असताना ती फुप्फुसात जायची भीती. आणि एवढं करून गोळ्या बाहेर पडतातच असंही नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्ये, घरात इपिकॅक वापरू नका, असं सांगितलं. मला हे ऐकून खरंच धक्का बसला. मी तर त्याला प्रथमोपचार समजत होते.

दादाने मग कबूल केलं की सिरप नसतं तर मिठाचं पाणी पाजणार होता. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याने रक्तातलं सोडियम एकदम चढतं, झटके येतात, माणूस दगावूही शकतो. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी करवणं आणखी वाईट: ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते, रॉकेल फुप्फुसात उतरतं.

मध्यरात्रीनंतरच्या एका उलटीत रक्ताची रेघ दिसली. ओकून ओकून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारीक चीर गेली असावी, म्हणाले, आपोआप थांबलं. बरगड्या अशा दुखत होत्या की कुशीवर वळता येईना. या गोळीचा असर लांबतो, म्हणून चोवीस तास ठेवून घेतलं आणि तासातासाला बोट टोचलं. पहाटे साखर पुन्हा उतरून 62 वर आली. पण तोवर पोट निवलं होतं. आईने कपात साखरपाणी ढवळून दिलं, ते टिकलं.